पादपूरणे, पालुपदे आणि पोकळ शब्द : बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील भाषेसंबंधी काही विचार

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. हे भारदस्त मराठी नाव कागदोपत्री राहिले. लोकांच्या तोंडी बसली ती इंग्रजी नावाची आद्याक्षरे, आणि तीही महामंडळ या अर्थाने नव्हे. बारामतीत किंवा इंदापूर तालुक्यातील लोणी देवकर येथे ‘एमआयडीसी’ म्हटले म्हणजे एक जागा कळते; ‘थोरला एमआयडीसीत लागला’ असे म्हटले म्हणजे नोकरी कळते. चार अक्षरांचा हा समूह मराठीचे विभक्तिप्रत्यय बिनतक्रार स्वीकारतो आणि ‘एमआयडीसी चौक’ यासारखे समासही घडवितो. त्याच्यामागे वस्तू आहे, म्हणून तो शब्द झाला आहे. याच वसाहतीत इंग्रजीतून आलेल्या शब्दांचा दुसरा एक वर्ग नांदतो : ‘बेसिकली’, ‘ॲक्च्युअली’, ‘हार्डवर्किंग’, ‘टीम प्लेयर’, ‘कमिटमेंट’, ‘एक्सलन्स’. भाषाशुद्धीच्या चळवळीने, म्हणजे सावरकर व माधव जूलियन यांच्या परंपरेने, शब्दाला पहिला प्रश्न विचारला तो त्याच्या कुळाचा. त्या प्रश्नापुरते पाहिले तर ‘एमआयडीसी’ आणि ‘एक्सलन्स’ एकाच पंक्तीत बसतात. ती पंक्ती चुकीची आहे. शब्द कोठून आला यापेक्षा तो प्रश्न सोसतो की नाही, आणि न सोसणारा शब्द वापरण्याची सक्ती कोणावर होते, हा विचार अधिक अगत्याचा आहे.

निरर्थक शब्दांचा विचार आपल्याकडे नवा नाही. यास्काने निरुक्तात निपातांचे वर्ग करताना केवळ पदपूरणासाठी येणाऱ्या निपातांचा वेगळा वर्ग मानला. अमरकोशानेही च, हि, तु, वै इत्यादी अव्ययांची नोंद ‘पादपूरणे’ अशी केली. यात निंदेचा सूर नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. छंदाला अमुक इतकी अक्षरे हवीत, अर्थ थोडा आधी संपला, तर उरलेली जागा भरावयाची. ही गरज शास्त्रकारांनी मान्य केली व तिच्यासाठी शब्दही नेमून दिले. पादपूरण करणारा कवी कोणाला फसवीत नव्हता. त्या ‘वै’ ला अर्थ नाही हे कवीलाही ठाऊक होते आणि श्रोत्यालाही.

बारामतीच्या संदर्भात हा विषय निघाला म्हणजे मोरोपंतांचे नाव टाळता येत नाही. पन्हाळ्यास जन्मलेले मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीकर बाबूजी नाईकांच्या आश्रयास आले आणि त्यांचे बहुतेक काव्यलेखन या कऱ्हाकाठच्या गावी झाले. त्यांच्या यमकांच्या हौसेपायी अर्थाची ओढाताण होते, शब्द ठोकून बसविल्यासारखे वाटतात, असा आक्षेप पुष्कळदा घेतला गेला. चिपळूणकरांनी निबंधमालेत त्यांची बाजू हिरिरीने मांडली, तरी तो वाद पूर्णपणे मिटला असे म्हणता येणार नाही. तथापि आक्षेपकांनीही एक गोष्ट मान्य करावयास हवी. ज्याने ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून ‘निरोष्ठ रामायण’ रचले, त्याचा प्रत्येक शब्द, बसविलेला का होईना, हाताळून घेतलेला होता. प, फ, ब, भ, म टाळून राम या नावाशिवाय रामकथा सांगावयाची म्हणजे प्रत्येक पदाशी थांबणे आले. पोकळ शब्दाचे लक्षण नेमके याच्या उलट आहे. तेथे वक्ता थांबत नाही. शब्दच त्याच्याऐवजी पुढे चालतो.

पण वक्ता थांबत नाही असे म्हणताना बोलण्यातील खऱ्या थांब्यांना दोष लागू नये. ‘म्हंजे’, ‘आपलं ते’, ‘बरं का’, ‘न्हवं का’, ‘तसं बघितलं तर’ हे बोल बारामती-इंदापूरच्या बोलण्यात सदैव ऐकू येतात, आणि शिक्षित माणूस त्यांना पालुपदे म्हणून हसतो. (हिंदी-उर्दूत अशा शब्दाला ‘तकिया कलाम’ म्हणतात. बोलणे क्षणभर टेकावे म्हणून ठेवलेली ती उशी; नाव मोठे समर्पक आहे.) या बोलांचे काम वक्त्यापुरते नसून श्रोत्यासाठीही आहे. मालिनोव्हस्कीने १९२३ मध्ये दाखवून दिले की, भाषणाचा बराचसा भाग माहिती देण्यासाठी नसतो, माणसामाणसांतील संबंध राखण्यासाठी असतो. क्लार्क व फॉक्स ट्री या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये इंग्रजीतील अडखळण्याच्या ‘अ’ आणि ‘अम्’ या दोन उद्गारांचा अभ्यास करून असे प्रतिपादन केले की, पहिला लहान विरामाची आणि दुसरा मोठ्या विरामाची सूचना देतो. म्हणजे अडखळणेही नियमबद्ध आहे. कीर्तनकाराचे ‘बरं का मंडळी’ याच जातीचे आहे. ते ऐकताच मागे बसलेला माणूस सावरून बसतो, कारण आता पूर्वरंग संपून कथेला वळण लागणार हे त्याला कळते. अशा शब्दांना कोशात अर्थ नसेल, पण सभेत अर्थ आहे. त्यांचा उच्छेद करण्याचे काही कारण दिसत नाही. भाषण सुधारण्याच्या वर्गांत प्रथम यांच्यावरच कुऱ्हाड चालते, हे मात्र खरे. आणि त्यांच्या जागी काय लावले जाते ते पाहिले म्हणजे गंमत वाटते. ‘म्हंजे’ उपटून तेथे ‘बेसिकली’ लावतात.

इंग्रजी भाषकांना स्वतःच्या भाषेतील अशा शब्दांचा कंटाळा फार पूर्वीपासून आहे. जॉर्ज ऑर्वेलचा राजकारण व इंग्रजी भाषा यांवरील निबंध १९४६ चा. सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी सरकारी नोकरांना साधे लिहावयास शिकविणारे ‘प्लेन वर्ड्स’ हे पुस्तक १९४८ मध्ये काढले. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या लेक सुपीरियर स्टेट युनिव्हर्सिटीने १९७६ पासून दरवर्षी हद्दपार करावयाच्या शब्दांची यादी प्रसिद्ध करण्याचा प्रघात पाडला. तिच्यात थोडा विनोद व बराच वैताग असतो. या सर्व टीकेची एक बैठक समान आहे : टीकाकार आणि अपराधी दोघेही त्या भाषेचे धनी आहेत. ज्याला ‘ॲट द एन्ड ऑफ द डे’ चा उबग आला आहे त्याच्यापाशी दुसरे दहा पर्याय आहेत, आणि जो ते वापरतो त्याच्यापाशीही आहेत. म्हणून तेथे तो आळस ठरतो व आळसाला हसणे रास्त ठरते.

ही टीका जशीच्या तशी उचलून बारामतीस आणता येत नाही. सीमा ओलांडताना पोकळ शब्दाची किंमत बदलते. इंग्रजीत झिजून गुळगुळीत झालेला शब्द येथे आला म्हणजे नवा कोरा ठरतो. तेथे ज्याच्यावरून मनुष्य कंटाळवाणा ठरतो, त्याच्यावरूनच येथे तो शिकलेला ठरतो. आपल्याकडील पुतळ्यांच्या माळेतील पुतळी ही मुळात व्हेनिसची मोहर. व्यापारातून ती येथे आली, बाजारातील नाणे म्हणून तिचा उपयोग संपला, आणि दागिना म्हणून ती गळ्यात बसली. ‘बेसिकली’ चे तसेच झाले आहे. फरक एवढाच की, पुतळीत सोने होते. अडचणीच्या वेळी ती सोनाराकडे नेता येत असे.

हा दागिना कोठे घालावा लागतो? मुलाखतीत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून किंवा तंत्रनिकेतनातून बाहेर पडलेला, शेतकऱ्याच्या घरचा मुलगा नोकरीसाठी जातो, तेव्हा त्याला पहिला प्रश्न बहुधा ‘स्वतःविषयी सांगा’ असा येतो, आणि तोही इंग्रजीत. या प्रश्नाचे उत्तर ‘मायसेल्फ’ या शब्दाने सुरू होऊन स्वतःचे नाव, गाव, शिक्षण, त्यानंतर ‘हार्डवर्किंग’, ‘क्विक लर्नर’, ‘पॉझिटिव्ह ॲटिट्यूड’ या क्रमाने जाते. ‘मायसेल्फ’ ने वाक्य उघडणे इंग्रजी व्याकरणात बसत नाही, यावर विनोद करणारे पुष्कळ भेटतात. परंतु या उत्तराकडे वाङ्मयप्रकार म्हणून पाहिले तर त्याचे स्वरूप वेगळे दिसते. जुन्या पत्रव्यवहारात मायना ठरलेला असे. पत्र थोरल्यास की धाकट्यास, गुरूस की व्याह्यास, यावरून दंडवत की आशीर्वाद, शिरसाष्टांग की नुसता नमस्कार हे ठरे. शेवटी ‘बहुत काय लिहिणे, लोभ असावा’ हे येई. मायन्यातील शब्दांवरून कोणी लेखकाच्या मनाची परीक्षा करीत नसे. तो दारावरचा रामराम होता. मजकूर त्यानंतर सुरू होई. मुलाखतीतील अनर्थ असा की, तेथे मायन्यावरच निकाल लागतो व मजकुरापर्यंत पुष्कळदा कोणी जातच नाही. ज्या मुलाने वर्षभर लेथवर हात बसविला आहे त्याला लेथविषयी बोलण्याची संधी ‘हार्डवर्किंग’ चा उंबरठा ओलांडल्यावर मिळावयाची. हा शब्द त्याला सुचलेला नाही. तो त्याने वहीत उतरवून घेतला, पाठ केला, आणि तो शिकवण्याचे पैसेही बहुधा त्याच्याच घरून गेले. अशा शब्दाला आळसाचे फळ म्हणणे अन्यायाचे होईल. ही जकात आहे. नाक्यावर ती वसूल करणाऱ्याला सोडून भरणाऱ्याला हसण्याची रीत टीकाकारांत पडली आहे, ती टीकेला शोभत नाही.

त्या मुलाला इंग्रजी शब्द पेलत नाहीत असेही नाही. यंत्रशाळेतील बोली ऐकावी : जॉब, टर्निंग, फेसिंग, सेटिंग, टॉलरन्स, मायक्रॉन, व्हर्नियर, रिजेक्शन. ‘जॉब सेंटरला घेतला, पण दोन मायक्रॉन जास्त गेला’ या वाक्यात क्रियापदे मराठी, नामे इंग्रजी, आणि संदिग्धता शून्य. येथे ‘जॉब’ म्हणजे यंत्रावर चढविलेला धातूचा तुकडा; फाटकाबाहेर तोच शब्द नोकरी या अर्थाने फिरतो, आणि दोहोंची गल्लत कोणी करीत नाही. ‘ॲपे’ हे तीनचाकी गाडीचे नाव इटालियन आहे, त्याचा अर्थ मधमाशी. बारामतीच्या वसाहतीतील कारखान्यात बनणारी ही गाडी खेडोपाडी धावते आणि तिच्यात बसणाऱ्याला त्या अर्थाची गरज पडत नाही, कारण गाडी समोर उभी असते.

त्याच मुलाच्या वडिलांची भाषा तर याहून बोलकी आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या पट्ट्यातील ऊसउत्पादक ‘रिकव्हरी’, ‘एफआरपी’, ‘टनेज’ हे शब्द दररोज वापरतो. रिकव्हरी म्हणजे साखरेचा उतारा. तो दशांश चिन्हासह सांगावा लागतो, आणि त्यावर उसाचा दर अवलंबून असतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याची मुदत घातली. पुढे २००९ मध्ये किमान किमतीच्या जागी ‘एफआरपी’ ही संज्ञा आली, तेव्हा ती तीन-चार हंगामांत बांधावर पोहोचली. हा शब्द कोणी वर्गात शिकवला नाही. त्याच्यामागे रुपये होते आणि दिवस होते, ‘किती?’, ‘केव्हा?’, ‘कोणी दिले, कोणी थकविले?’ असे विचारता येत होते. शब्दाची परीक्षा याहून वेगळी नाही. ‘रिकव्हरी किती?’ हा प्रश्न अर्थपूर्ण आहे, ‘एक्सलन्स किती?’ हा प्रश्न विचारणारा वेडा ठरतो.

इंग्रजी शब्द गाळून मराठी प्रतिशब्द घातले म्हणजे रोग बरा होतो, ही समजूतही येथेच तपासून घ्यावी. ‘सक्षमीकरण’, ‘उत्कृष्टता केंद्र’, ‘सर्वसमावेशक वाढ’ हे शब्द कुळाने शुद्ध आहेत. त्यांत पोकळपणा मात्र मूळ इंग्रजीइतकाच आहे, आणि संस्कृत पेहरावामुळे तो लवकर ओळखू येत नाही. याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे ‘भागधारक’. इंग्रजीत ‘शेअरहोल्डर’ आणि ‘स्टेकहोल्डर’ हे दोन भिन्न शब्द आहेत. पहिल्याचा अर्थ भांडवलाचा हिस्सा ज्याच्या नावावर आहे तो. दुसऱ्याचा अर्थ एखाद्या व्यवहाराचा बरावाईट परिणाम ज्याच्यावर होतो असा कोणीही. मराठी वृत्तपत्रांत व कार्यालयीन भाषांतरांत दोहोंसाठीही ‘भागधारक’ सर्रास येतो. मुंबईच्या वाचकाला हा किरकोळ भाषांतरदोष वाटेल. बारामती-इंदापुरात तसा तो वाटू नये, कारण या भागात ‘भाग’ हा शब्द दोन पिढ्यांच्या व्यवहाराने घट्ट झालेला आहे. सहकारी साखर कारखान्याचा शेअर ज्याच्या नावावर आहे तो सभासद. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने त्याला एक मत दिले, मग त्याचे शेअर कितीही असोत. तो वार्षिक सभेत उभा राहून अहवालातील आकडा विचारू शकतो, संचालकाला पाडू शकतो. निदान तसा प्रयत्न करू शकतो. घरात शेअर कोणाच्या नावे राहावा यावरून भाऊबंदकी झालेली आहे. अशा ठिकाणी एखाद्या प्रकल्पाच्या पत्रकात ‘कामगार, परिसरातील ग्रामस्थ व इतर भागधारक’ असे छापून येते, तेव्हा ज्यांच्यापाशी भाग नाही, मत नाही आणि सभेचे निमंत्रणही नाही त्यांना भागधारक म्हटले जाते. इंग्रजीत हा शब्द फक्त पोकळ होता. मराठीत येऊन तो खोटा झाला. हेतू कपटाचा असेलच असे नाही, भाषांतरकाराची घाई एवढेच कारण असू शकेल. परंतु परिणाम हेतूवर थांबत नाही. ‘हितसंबंधी’ हा शब्द उपलब्ध आहे आणि तो पुरेसा प्रामाणिक आहे, कारण तो देऊ न केलेली वस्तू दिल्याचा भास करीत नाही.

कार्यालयीन मराठीची गोष्ट येथे ओघाने येते. १९६० मध्ये भाषा संचालनालय निघाले, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला, आणि इंग्रजीत चालणारा कारभार मराठीत येऊ लागला. परिभाषा घडविण्याचे ते काम मोठे होते. त्याच्या वाट्याला आलेली टवाळी त्याने पुरती कमावलेली नव्हती. पण कारभाराबरोबर त्याचे साचेही आले. ‘प्लीज डू द नीडफुल’ हे सूत्र ब्रिटिश पत्रव्यवहारातून येथे आले. इंग्लंडात ते मागे पडले, हिंदुस्थानात टिकले, आणि ‘योग्य ती कार्यवाही करावी’ या रूपाने त्याने मराठी देह धारण केला. योग्य म्हणजे कोणती, हे लिहिणारा सांगत नाही व वाचणारा विचारीत नाही. तक्रार अर्जावर हा शेरा पडला म्हणजे कागद हलला असे समजावयाचे. मराठीच्या कर्मणी रचनेने या साच्याला भलतीच मदत केली : ‘निर्णय घेण्यात येईल’, ‘कळविण्यात येत आहे’, ‘दक्षता घेण्यात यावी’. या वाक्यांत सर्व काही होते, फक्त करणारा नसतो. ही रचना मुळात वाईट नव्हे; कर्ता अज्ञात असेल तेव्हा तिच्यावाचून चालत नाही. कर्ता समोर खुर्चीत बसलेला असताना ती वापरली जाते, तेव्हा आक्षेप निघतो.

कर्ता लपविणाऱ्या या भाषेचा शेवटचा टप्पा म्हणजे माणसाचे नाव बदलणे. ‘कामगार’ हा शब्द कारखान्यांच्या इंग्रजीत आता कमी ऐकू येतो. त्याच्या जागी ‘टीम मेंबर’, ‘असोसिएट’, ‘ट्रेनी’, ‘एक्झिक्युटिव्ह’ असे शब्द येतात, आणि कारखाना ‘फॅमिली’ होतो. नाव गोड असण्याला हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली ‘कामगार’ कोण, या प्रश्नावर माणसाची नोकरी राहण्याजाण्याची दाद अवलंबून असे. आणि त्या प्रश्नाचा निवाडा करताना न्यायालयांनी वारंवार हेच धोरण स्वीकारले की, पदनाम काय आहे ते पाहावयाचे नाही, मनुष्य प्रत्यक्षात कोणते काम करतो ते पाहावयाचे. एखाद्याला पर्यवेक्षक म्हटले म्हणून तो पर्यवेक्षक ठरत नाही. त्याच्या हाताखाली कोण आहे, तो रजा मंजूर करतो काय, हे विचारले जाते. साहित्यसमीक्षेने न्यायालयाकडून काही उचलावे असे क्वचितच घडते. येथे मात्र न्यायाधीशांची दृष्टी शब्दमीमांसेला अधिक जवळची आहे, आणि भाषाशुद्धीवाद्यांची कुलपरीक्षा तिच्यापासून दूर.

या दृष्टीने पाहता विद्यापीठीय अभ्यासाला बारामती-इंदापूरचा परिसर फार सोयीचा आहे. वीस-पंचवीस मैलांच्या टापूत येथे चार भाषा शेजारी शेजारी चालतात : ऊसउत्पादकाची, यंत्रशाळेची, सरकारी कचेरीची आणि मुलाखतीची. पुष्कळदा एकाच घरातील माणसे त्या चारही बोलतात. त्यांतील पहिल्या दोहोंचे शब्द अद्याप कोणत्याही मराठी कोशात नीट उतरलेले नाहीत, आणि शेवटच्या दोहोंचे शब्द छापील पुस्तकांतून विकत मिळतात. सूचनाफलक, भरतीच्या जाहिराती, विनंतीअर्ज, वार्षिक अहवाल, मुलाखतीच्या तयारीच्या वह्या असा संग्रह एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने हाती घ्यावा. प्रत्येक शब्दापुढे त्याचे मूळ नोंदवावे, परंतु त्याआधी तो कोणी उच्चारला, कोणापुढे उच्चारला, आणि न उच्चारता त्याला चालले असते काय, हे तीन रकाने भरावेत. मुलाखतीच्या वह्या प्रथम गोळा कराव्यात. नोकरी लागली की त्या रद्दीत जातात, आणि न लागली तर धाकट्या भावाकडे.